कोरे मिग रापवताना

२०२५ च्या मे महिन्यात मी मिग-२१ एफएल या लढाऊ विमानाचे १:७२ प्रमाणातले डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचे, मॉडेल विकत घेतले. ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या घरी खोके उघडले, विमान तळहातावर घेतले, त्याचे वजन सुखावून गेले आणि थोड्याच वेळात लक्षात आले की हे एखाद्या महागड्या पेपरवेटसारखे दिसते आहे. आकारात खोट नव्हती. त्रिकोणी पंख, नाकातला शंकू, शेपटीचे उभे पाते, सगळे यथास्थित होते. रंग मात्र दुकानातून नुकत्याच आणलेल्या फ्रिजसारखा एकसारखा आणि निष्कलंक होता, आणि मॉडेल तर १९७१ च्या युद्धातल्या विमानाचे होते.

ही विमाने हवाई दलात ‘टाइप ७७’ या नावाने ओळखली जात. ती मुळात उघड्या धातूची, चंदेरी होती. युद्धाची चिन्हे दिसू लागल्यावर त्यांच्यावर हिरव्या-तपकिरी छटांचे पट्टे घाईने चढवले गेले आणि ते जागोजागी वेगवेगळ्या तऱ्हेचे होते. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर ५७ मिलिमीटरच्या रॉकेटांचा मारा करणारी विमाने २८ व्या स्क्वॉड्रनची, म्हणजे याच जातीची होती. अशा विमानावर दोन आठवड्यांच्या धावपळीची काहीही खूण असू नये, हे मला पटेना. म्हणून ते ‘वेदरिंग’ करून, म्हणजे वापराच्या खुणा रंगवून, खरे वाटावे असे करायचे ठरवले. मराठीत यासाठी मला ‘रापवणे’ हा शब्द जवळचा वाटतो, कारण त्यात ऊन, वारा आणि काम तिन्ही येतात. आईला मात्र हा शब्द मान्य नव्हता. “पैसे मोजून कोरी वस्तू आणायची आणि ती मळवत बसायची, हे कुठलं वेड?” असे तिने विचारले, आणि व्यवहाराच्या दृष्टीने तिचे बरोबरच होते. रापवलेले डायकास्ट मॉडेल संग्राहक सहसा पूर्ण किमतीला घेत नाहीत, कारण त्यांना ते खोक्यातल्यासारखे कोरे हवे असते. विकायचे नसेल तरच या फंदात पडावे.

काम सुरू करण्यापूर्वी मी दोन-तीन आठवडे केवळ डाग पाहत होतो. ठाणे स्थानकात उभ्या असलेल्या लोकलच्या डब्यांवर चाकांजवळच्या भागात ब्रेकची तांबूस-तपकिरी धूळ बसलेली असते. ती खाली दाट असते आणि वर जाता जाता विरळ होते. आमच्या इमारतीच्या भिंतीवर खिडक्यांच्या छज्ज्यांच्या टोकांपासून काळे ओघळ उतरले आहेत. ते उगमापाशी रुंद आणि खाली निमुळते होत जातात आणि मध्ये पाइप आला की त्याला वळसा घालून जातात. घोडबंदर रस्त्यावरच्या ट्रकांच्या डिझेल टाकीच्या झाकणाखाली तेलाचा जो पट्टा असतो, त्यावर धूळ चिकटून तो इतर भागापेक्षा गडद झालेला असतो. हे सगळे मी जन्मभर पाहत आलो होतो, पण डाग कुठून निघाला आणि त्याला कोणी खाली किंवा मागे नेले, हा प्रश्न कधी विचारला नव्हता. उभ्या विमानावरचा द्रव गुरुत्वाकर्षणाने खाली येतो, उडत्या विमानावरचा वाऱ्याने मागे जातो, आणि एकाच विमानावर दोन्ही प्रकारचे ओघळ असू शकतात.

पहिला प्रयोग महागड्या मॉडेलवर करू नये एवढे शहाणपण होते. घरात शेपूट मोडलेले एक जुने लहान विमान पडून होते, ते सरावासाठी घेतले. तैलरंग पातळ करायला काय वापरावे हे नीट ठाऊक नसताना मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘थिनर’ मागितले आणि दुकानदाराने साहजिकच फर्निचरच्या लॅकरसाठी वापरतात ते एनसी थिनर दिले. त्यात बुडवलेला कापसाचा बोळा पंखावरून एकदा फिरवला, तर तिरंगी चक्र बोळ्यावर आले आणि पंख रिकामा झाला. डायकास्ट विमानावरची चक्रे, क्रमांक आणि बारीक अक्षरे बहुधा टॅम्पो पद्धतीने, म्हणजे सिलिकॉनच्या मऊ गादीने उचलून छापलेली असतात. शाईचा तो थर फार पातळ असतो आणि जहाल द्रावणापुढे टिकत नाही. तेव्हापासून मी कोणतेही द्रावण आधी विमानाच्या पोटाखाली, जिथे स्टँडची खाच असते त्याच्या शेजारी, लावून पाहतो आणि दहा मिनिटे थांबतो. तैलरंगासाठी व्हाइट स्पिरिट हे सौम्य द्रावण वापरतो आणि त्याआधी छपाईवर पारदर्शक ॲक्रिलिक वॉर्निशचे कवच चढवतो.

या कवचानेच मला पुढचा धडा दिला. सौम्य साबणाच्या पाण्याने मॉडेल धुऊन, बोटांचा तेलकटपणा काढून, ते पूर्ण वाळवून मी वॉर्निशचा स्प्रे मारला. पण तो जुलै महिना होता. बाहेर पाऊस धरून होता, गॅलरीतले कपडे दोन दिवस ओले होते, आणि तरीही मला धीर नव्हता. स्प्रेमधले द्रावण झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतले बाष्प त्यावर धरते. ते वाळत्या थरात अडकले की थर दुधाळ पडतो. पाच मिनिटांत माझ्या मिगवर धुके उतरले. घासून काढण्याची तीव्र इच्छा झाली, पण खाली छपाई होती आणि सरावाच्या विमानाचा रिकामा पंख समोरच पडला होता. मी मॉडेल डब्यात ठेवले, सोबत बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि पावसाळा संपेपर्यंत डबा उघडला नाही.

मध्यंतरी २६ सप्टेंबरला चंदीगड येथे मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला. १९६३ मध्ये सेवेत आलेले विमान बासष्ट वर्षांनी निवृत्त झाले. त्या दिवशी नाशिकहून मामांचा फोन आला. मामांनी ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात, जिथे ही विमाने परवान्याखाली तयार होत, फिटर म्हणून नोकरी केली. १९७५ मध्ये ते लागले तेव्हा टाइप ७७ ची बांधणी संपून पुढच्या मालिकेचे काम चालू होते, आणि नोकरीची शेवटची वर्षे त्यांनी ओव्हरहॉलला, म्हणजे संपूर्ण तपासणी-दुरुस्तीला, आलेली विमाने उघडण्यात काढली. मी मॉडेलबद्दल सांगितले. दिवाळीनंतर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ते ठाण्याला आमच्याकडेच येणार होते. “आलो की बघतो,” एवढेच ते म्हणाले.

ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाने निम्मे काम केले. दुपारी बाराच्या सुमारास गॅलरीत, स्प्रेचा डबा कोमट पाण्यात ठेवून मग वापरून, मी चकचकीत वॉर्निशचा पातळ थर दिला. नव्या थरातल्या द्रावणाने जुना थर किंचित विरघळतो आणि अडकलेल्या बाष्पाला वाट मिळते, त्यामुळे बरेचसे धुके निवळले. डाव्या पंखाच्या वरच्या बाजूस मात्र रुपयाच्या नाण्याच्या निम्म्या आकाराचा फिकट ढग राहिलाच. उन्हाने विटलेला रंग म्हणून तो खपून गेला असता आणि मलाही क्षणभर तसे करावेसे वाटले. पण १९७१ च्या डिसेंबरात तो रंग जुना झालेलाच नव्हता. तो नवा होता, फक्त घाईचा होता. शेवटी मी त्या ढगावर किंचित वेगळ्या छटेच्या हिरव्या रंगाचा पातळ, अनियमित कडांचा हात मारला. तळावरच्या माणसाने उरलेल्या रंगाने दुसऱ्यांदा ब्रश फिरवावा तसा तो दिसतो.

त्यानंतर पत्र्यांच्या जोडरेषांचे काम आले, आणि माझ्या मते बहुतेकांची मॉडेले इथेच बिघडतात. डायकास्टच्या साच्यात या रेषा रुंद आणि खोल असतात. समजा मॉडेलवरची रेषा ०.२ मिलिमीटर रुंद आहे. तिला ७२ ने गुणले की खऱ्या विमानावर ती १४.४ मिलिमीटरची, म्हणजे करंगळी जाईल एवढी फट होते. अशा फटीत काळा रंग भरला की विमान फरशा बसवलेल्या भिंतीसारखे दिसू लागते. म्हणून मी काळा रंग हातीच घेतला नाही. कॅम्लिनच्या तैलरंगांतला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि थोडा पेन्स ग्रे (निळसर करडा) एकत्र करून तो पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तासभर ठेवला. त्यातले जवसाचे तेल पुठ्ठ्यात शोषले जाते, त्यामुळे रंग लवकर वाळतो आणि तेलकट चमकत नाही. मग भरपूर व्हाइट स्पिरिट घालून गढूळ चहाच्या रंगाचे पाणी केले आणि शून्य क्रमांकाच्या ब्रशाचे टोक रेषेला नुसते टेकवले. केशाकर्षणाने ते पाणी रेषेतून आपोआप धावत जाते. ते पाहण्यात मोठी मौज आहे आणि त्या मौजेपायी माणूस गरजेपेक्षा जास्त रेषा भरतो. अर्ध्या तासाने कापसाच्या काडीने जादा रंग पुसला. पुसताना काडी नाकाकडून शेपटीकडेच न्यायची, कारण पुसण्याचेही वळ उरतात आणि ते वाऱ्याच्या दिशेचे असावे लागतात.

तैलरंग तीन दिवस वाळू दिले. मग पोटाखाली रॉ अंबरचे बारीक ठिपके देऊन, स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेल्या चपट्या ब्रशाने ते मागे ओढले. रॉकेटांच्या नळकांड्यांमागे सॉफ्ट पेस्टलचा करड्या रंगाचा खडू सॅंडपेपरवर घासून केलेली पूड कोरड्या ब्रशाने लावली. ही पूड करताना तोंडाला मास्क असावा. चाकांना तपकिरी-करड्या धुळीचा हलका हात दिला. वॉर्निशच्या शेवटच्या मॅट थराने त्यातली निम्मी पूड गिळून टाकली आणि मला ती पुन्हा लावावी लागली. हे दर वेळी होते, तरी दर वेळी माझा विरस होतो.

शेपटीचा मागचा भाग मी सावकाश केला. तिथे आफ्टरबर्नरच्या, म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाला जादा इंधन जाळून जोर वाढवणाऱ्या भागाच्या, उष्णतेने धातू रंगलेला असतो. तापलेल्या पोलादावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळट आणि शेवटी निळा रंग चढतो, आणि हा क्रम उलटा करून चालत नाही. सर्वाधिक तापणाऱ्या नळीच्या तोंडाजवळ निळसर आणि पुढे सरकताना पिवळट, असे पारदर्शक रंगांचे थर मी चार संध्याकाळी दिले. प्रत्येक थर इतका पातळ होता की त्या-त्या दिवशी काहीच केले नाही असे वाटे.

सर्वांत शेवटी रंगाचे पापुद्रे उडालेले दाखवायचे होते. खालचा धातू खराच आहे, तर रंग खरवडावा आणि धातू दिसू द्यावा, असा विचार कोणाच्याही मनात येईल. तो माझ्याही आला. परंतु डायकास्ट म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. तो हवेत लवकरच मंद करडा पडतो आणि ॲल्युमिनियमसारखा दिसत नाही. त्याऐवजी स्पंजचा चुरगळलेला तुकडा चंदेरी ॲक्रिलिकमध्ये बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टेकवून, मग पंखांच्या पुढच्या कडांवर, पायलट चढतो त्या डाव्या बाजूला आणि शेपटीच्या पात्याच्या पुढच्या कडेवर हलकेच टेकवला. नाकातल्या शंकूवरही थोडे ठिपके दिले. एकूण परिणाम मला फारच आवडला आणि दोन दिवस मी विमान टेबलावरून हलवले नाही.

नोव्हेंबरात मामा आले. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मॉडेल खिडकीपाशी नेले, डोळ्यांच्या अगदी जवळ धरले आणि मग बोटांनीच चाचपडले. पंखांचा विस्तार खऱ्या विमानात ७.१५ मीटर असतो, मॉडेलमध्ये तो दहा सेंटिमीटरही भरत नाही. त्यांचा अंगठा एका पंखाला पुरून उरत होता. “वजनदार आहे,” असे म्हणून त्यांनी ते ठेवून दिले. मला वाटले, पसंत पडले.

आठवड्याने पट्टी, गॉगल, थेंब वगैरे सगळे मार्गी लागल्यावर त्यांनी आपणहून ते मागितले. सोबत माझे भिंगही घेतले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी नाकाच्या शंकूवर नख ठेवले.

“हे काय चमकतंय?”

“रंग उडालाय, मामा. खालचं ॲल्युमिनियम दिसतंय.”

“त्याच्या आत रडार असतं. रडारपुढं धातू ठेवला तर त्याला दिसेल काय? हा शंकू फायबरचा असतो. शेपटीचं वरचं टोकही तसंच, त्यात अँटेना असते. तिथं चांदी कुठून आणलीस?”

मी गप्प बसलो. शंकू आणि शेपटीच्या पात्याचे टोक हिरव्या रंगाचे का असतात, हे मला ठाऊक होते. ती जागा विद्युतरोधक पदार्थाची असते, हे मी स्वतः इतरांना सांगितलेले होते. तरीही स्पंज हातात आल्यावर कडा दिसली की टेकवत गेलो. सगळे डाग कारणानिशी दिल्याचा माझा समज त्या एका नखाखाली संपला.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती मला कोणत्याही छायाचित्रावरून कळली नसती. मी सगळ्या जोडरेषा एकसारख्या रंगवल्या होत्या. मिग-२१ चे इंजिन बदलायचे तर शेपटीकडचा संपूर्ण भाग सोडवून मागे ओढावा लागतो, त्यामुळे पंखांमागच्या त्या जोडाला सतत हात, पाने आणि तेल लागते. उलट कित्येक रेषा अशा की कारखान्यात एकदा रिव्हेट मारल्यावर पुढच्या ओव्हरहॉलपर्यंत त्यांना कोणी शिवत नाही. “ज्या झाकणाचे स्क्रू रोज फिरतात तिथं रंग उडतो. बाकीच्यांना काय धाड भरलीय?” असे म्हणून त्यांनी कोणती झाकणे रोज उघडत ते एकेक करून सांगितले आणि मी पेन्सिलने कागदावर टिपून घेतले. पोटाखालच्या ४९० लिटरच्या जादा टाकीचा रंग विमानाशी जुळत नाही, ही मॉडेल बनवणाऱ्यांची चूक आहे असे मी समजत होतो. मामांच्या मते ती एकमेव गोष्ट बरोबर होती, कारण टाक्या या विमानाच्या त्या विमानाला लागत.

पुढचे चार दिवस दुरुस्तीत गेले. शंकूवरची आणि शेपटीच्या टोकावरची चांदी हिरव्या रंगाने झाकली आणि शंकूच्या अणीजवळ, पावसाच्या थेंबांच्या माऱ्याने रंग झिजतो तसा, फक्त मंद फिकटपणा ठेवला. मागचा जोड आणखी गडद केला, त्याच्या आसपास तेलकट हातांचे पुसट डाग दिले आणि पंखांवरच्या निम्म्याहून अधिक रेषा स्पिरिटने पुसून जवळजवळ नाहीशा केल्या. मॅट वॉर्निशचा थर जिथे नीट बसला होता तिथल्या रेषा काही निघाल्या नाहीत. त्या तशाच आहेत आणि जाणकाराला दिसतात.

शेवटी मामांनी चाकाच्या कप्प्याकडे बोट केले. “इथं एएमजी-१० गळायचं. लाल असतं.” हे रशियन हायड्रॉलिक तेल. मी तैलरंगातला लाल आणि थोडा बर्न्ट अंबर मिसळून, चमक यावी म्हणून त्यात थेंबभर चकचकीत वॉर्निश घालून, कप्प्याच्या कोपऱ्यापासून मागे जाणारा एक बारीक ओघळ काढला. तो मला उत्तम साधला होता. मामांनी भिंगातून पाहिले आणि समाधानाने मान हलवली.

“आता पूस.”

“का? बरोबर आलाय ना?”

“बरोबर आलाय म्हणून तर. गळती दिसली की कोणताही मेकॅनिक आधी फडकं मारतो, मग बाकीचं. नाहीतर चार्जमन उभा सोलायचा आम्हाला.”

मी सुती चिंधीचे टोक स्पिरिटने ओले केले आणि एकदाच मागे ओढले. ओघळ गेला. कप्प्याच्या कडेला, जिथे चिंधी पोचत नाही तिथे, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा तांबूसपणा उरला आणि मागे धुळीपेक्षा किंचित गडद असा पुसलेला पट्टा दिसू लागला. मामांनी विमान उलटेसुलटे करून पाहिले, भिंग मिटले आणि चहा मागितला.